मुराळ्याच्या गाडीचं गोणपाट

पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद संपला आहे, हे प्रतिभाच्या लक्षात आलं तेव्हा तिचा नवरा अंगणात गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तिला आधी वाटलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वाटायला हवं होतं.

"कालच नवा रोल आणला होता," ती म्हणाली.

"आहे ना. इथंच आहे," बॉनेटखालून आवाज आला. "फक्त आता तो पोळ्यांचा नाही."

विपुल चौधरी बऱ्हाणपूरच्या एका शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत असे. उष्णता हा त्याचा आवडता धडा. तिथल्या राजपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला एप्रिल-मे महिन्यांत दुसरा कुठला धडा आवडून भागतही नाही. तिथे दुपारी बारानंतर रस्त्यावर फक्त दोन प्रकारची माणसं दिसतात: ज्यांचं काम अडलं आहे ती, आणि ज्यांची गाडी अडली आहे ती. विपुल गेल्या वर्षी दुसऱ्या प्रकारात मोडला होता, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो. या भावाला मुराळी म्हणतात. मुराळ्याने फार काही करायचं नसतं. जायचं, पोटभर जेवायचं, बहिणीला घेऊन यायचं. बैलगाड्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट केलं. विपुलच्या गाडीला ते जमलं नाही. गेल्या वर्षी बहिणीला, म्हणजे पूर्णिमाला, तिच्या सासरहून, फोपनारहून, घेऊन येताना केळीच्या बागांच्या ऐन मध्यावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी उभी राहिली. पूर्णिमाचे सासरे कडूआप्पा यांना फोन गेला. त्यांनी जवळच्याच शेतातून ट्रॉली धाडली. पूर्णिमा माहेरी पोहोचली ती केळीच्या घडांवर बसून. ओवाळण्याआधी आईला तिच्या केसांतली वाळकी पानं काढावी लागली.

कडूआप्पांनी ही हकीकत वर्षभर सांगितली. लग्नांत सांगितली, सोसायटीच्या सभेत सांगितली, केळीच्या लिलावात सांगितली, आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीत सांगितली, तिथेही लोक हसले. दरम्यान त्यांनी स्वतः नवी, पांढरी, ट्रकच्या धाकट्या भावासारखी दिसणारी गाडी घेतली. यंदा आखाजी जवळ आली तसा त्यांचाच फोन आला. विपुलभाऊंनी काहून तकलीफ घ्यायची, आमची गाडी सुनेला दारात आणून सोडेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

विपुलची आई निर्मलाबाईंनी हे ऐकून फोन ठेवला. मग म्हणाल्या, "सासरच्या गाडीनं दारात सोडायचं, म्हणजे लेक झाली की कुरिअर?"

फोन पुन्हा लावण्यात आला. दोन्हीकडून अत्यंत गोड शब्दांत बरंच बोलणं झालं आणि शेवटी आप्पांनी अट घातली. यंदा विपुलला येऊ द्या. पण गाडी बिघडून रस्त्यात थांबली, तर पुढच्या सालापासून पूर्णिमाला आणणं-नेणं आमच्या गाडीने. मुराळी बंद. निर्मलाबाईंनी अट मान्य केली. गाडी आपली आहे, चालवायची आपल्याला आहे, हे विपुलला म्हणायचं होतं. पण तोवर फोन ठेवून झाला होता.

शनवारा चौकाजवळच्या मेकॅनिकने गाडी वरून-खालून पाहिली आणि निदान केलं, "गर्मी है साब. आदमी पिघल रहा है, ये तो फिर भी लोहा है." तत्त्वज्ञान म्हणून विपुलला हे पटलं, उपचार म्हणून अपुरं वाटलं. मग त्याने आजकाल सगळे करतात ते केलं. मोबाइल उघडला.

मोबाइलमधल्या दाढीवाल्या माणसाने त्याला सांगितलं की खरा दोष हवेच्या पाइपात असतो. इंजिन ज्या पाइपातून श्वास घेतं तो पाइप इंजिनाच्याच कुशीत असतो, त्यामुळे आत जाणारी हवा आधीच तापते. पाइपाला उष्णतारोधक वेष्टण गुंडाळा, हवा गार राहील, इंजिन खूश राहील. बोलताना त्या माणसाच्या मागे बर्फ पडत होता. तरीही त्याच्या गाडीला उष्णतेचा त्रास होता, यावरून विपुलने विषयाचं गांभीर्य ओळखलं. वेष्टण ऑनलाइन मिळत होतं. ते आखाजीनंतर येणार होतं.

"उष्णता येते तीन वाटांनी," विपुल बॉनेटमधून बाहेर येत प्रतिभाला म्हणाला. "वहन, अभिसरण, प्रारण. चंदेरी कागद प्रारण परतवतो. प्रश्न राहिला वहनाचा."

"प्रश्न राहिला उद्याच्या डब्याचा," प्रतिभा म्हणाली आणि आत गेली.

वहनाचा प्रश्न निर्मलाबाईंनी सोडवला. त्या ओसरीवर माठाला ओलं फडकं गुंडाळत होत्या. लेकाचा चेहरा बघून त्यांनी काय अडलं ते विचारलं, त्याने सांगितलं, आणि त्यांनी माठाकडे बोट दाखवलं. माठातलं पाणी ओल्या फडक्याने गार राहतं, मग पाइपातली हवा का नाही राहणार? विपुलला यात चूक काढता येईना. बाष्पीभवन तो वीस वर्षं शिकवत होता. ते घरात इतके दिवस चालू आहे हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

"पण फडकं पातळ पडेल," तो म्हणाला. "जाड पाहिजे. गोणपाट वगैरे."

"गच्चीवर आहे एक पोतं. झटकून घे मात्र."

विपुलने पोतं आणलं. ते झटकायचं राहून गेलं, कारण वाटेतच त्याच्या मनात मापं सुरू झाली होती. अंगणात कापताना त्याला तीन-चार शिंका आल्या. प्रतिभाने खिडकीतून विचारलं, "ते पोतं कशाचं आहे?"

"ज्यूटचं," विपुल म्हणाला.

त्या पोत्यातून पंधरा दिवसांपूर्वी वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या आल्या होत्या. लाल, तळहाताएवढ्या, आणि इतक्या जहाल की कांडपवाल्याने गल्लीतल्या लोकांना आधी दारं लावायला सांगितलं होतं. मिरच्या कांडून डब्यांत गेल्या. बिया, देठं आणि बारीक भुगा पोत्याच्या विणीत राहिला. फिजिक्सच्या पुस्तकात या पदार्थाची उष्णता-वाहकता दिलेली नाही.

संध्याकाळपर्यंत काम झालं. पाइपावर गोणपाटाचे तीन वेढे, वर चंदेरी कागद, वर सुतळी. गोणपाट भिजवायला वरच्या टोकाला कागद थोडा उघडा ठेवला होता. दिवाळीत मिठाईचा पुडा दिसतो तसं ते दिसत होतं. निर्मलाबाईंनी त्यावर हळदीकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विपुलने गोणपाट पाण्याने चिंब भिजवलं, पाण्याचा कॅन मागे ठेवला आणि निघाला. काचा उघड्या, एसी बंद. एसीची चैन त्याने परतीसाठी राखून ठेवली होती. काटा मध्यावर होता. शाळेपाशी मध्यावर, शहर संपलं तिथे मध्यावर, केळीच्या बागा लागल्या तिथे मध्यावर. गेल्या वर्षी जिथे गाडी उभी राहिली होती त्या जागेवरून जाताना विपुलने विनाकारण हॉर्न वाजवला. नाक जरा चुणचुणत होतं, पण विजयाच्या आधी असं होत असेल असं त्याला वाटलं.

फोपनारला आप्पा दारातच खाट टाकून बसले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलेला, कानांपर्यंत वळलेला काळा चष्मा डोळ्यांवर, आणि हातात तपकिरीची डबी. या डबीशी त्यांची चाळीस वर्षांची संगत. त्यांच्या नाकाने वास घेण्याच्या कामाचा केव्हाच राजीनामा दिला होता. गोठ्यात आग लागली तरी मला लोकांनी सांगावं लागतं, असं ते कौतुकाने म्हणत.

"आली का गाडी?" ते म्हणाले. "का कोणी सोडून गेलं?"

"आली आप्पा. एका दमात."

"येताना उतार आहे," आप्पा म्हणाले. फोपनार-बऱ्हाणपूर रस्त्यावर चढ-उतार कोणालाही सापडलेला नव्हता, पण विपुल मुराळी होता. तो हसला.

जेवायला वरण, बट्ट्या आणि वांग्याची घोटलेली भाजी होती. आग्रह इतका झाला की उठायला दुपार उलटली. तोवर गाडी उन्हात उभी होती. विपुल गोणपाट भिजवायला कॅन घेऊन गेला, बॉनेट उघडलं, आणि मागे आप्पा येऊन उभे राहिले.

त्यांनी काळ्या चष्म्यातून त्या चमकत्या गुंडाळीकडे बराच वेळ पाहिलं.

"डबा बांधून आणला का? जेवायला होतं ना आठी, आमच्या घरी."

"डबा नाही आप्पा. हवेचा पाइप आहे. गरम होऊ नये म्हणून गुंडाळलाय."

"गरम होऊ नये म्हणून गोधडी घातली?"

विपुलने वहन, अभिसरण आणि प्रारण समजावून सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं. मग त्यांची नजर कॅनवर गेली. "अन्‌ हे? आत्ताच पाणी लागलं का गाडीले?"

विपुल अडचणीत आला. आप्पांच्या देखत गाडीवर पाणी ओतणं म्हणजे गाडी तापली असं सही करून देणं. तो म्हणाला, "गाडीला कुठं? मला." आणि सकाळपासून उन्हात तापलेलं ते पाणी त्याला आप्पांच्या डोळ्यांदेखत प्यावं लागलं. आप्पा तिथून हललेच नाहीत. बॉनेट बंद झालं. गोणपाट कोरडंच राहिलं.

निघायच्या वेळी आणखी एक गोष्ट घडली. पूर्णिमा पिशव्या घेऊन मागे बसली. तिच्या शेजारी तिचा नवरा मयूर येऊन बसला. आणि पुढच्या सीटवर, मांडीवर जाडजूड दोराचं वेटोळं घेऊन, स्वतः आप्पा.

"आप्पा, तुम्ही?"

"पाहू तर द्या कुठवर जाते. मयूर धक्क्याले, मी हिशेबाले."

"आणि दोर?"

"असू द्या भो. घड पडायच्या आधीच केळीले टेकू देतो ना आपण? रस्त्यात ट्रॅक्टरला तोटा नाही. दोराले असतो."

मागून मयूर ओशाळून म्हणाला, "विपुलभाऊ, टेन्शन मत लो. आप्पांचं असंच आहे."

विपुलने काचा वर केल्या आणि रुबाबात एसी लावला.

आता बॉनेटखाली काय झालं ते सांगायला हवं, कारण गाडीतल्या कोणालाच ते माहीत नव्हतं. तीन तास उन्हात वाळलेलं गोणपाट कडक झालं होतं. त्याचं एक टोक सुतळीतून सुटलं आणि इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागावर, जिथून धूर बाहेर जायचा पाइप निघतो तिथे, निवांत जाऊन पडलं. तव्यावर तिखट पडावं तसं. मिरचीच्या बिया भाजू लागल्या. आणि काचेखालच्या जाळीतून बाहेरची ताजी हवा आत ओढण्याचं काम एसीने प्रामाणिकपणे चालू ठेवलं.

पहिल्यांदा पूर्णिमाला शिंक आली. मग मयूरला दोन. मग विपुलचा घसा आवळला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गाव अजून संपलं नव्हतं. ओट्यांवर बसलेल्या बायका मुराळ्याची गाडी बघायला माना उंचावत होत्या, आणि त्यांना काचेतून दिसलं ते असं की कडूआप्पांची सून पदराने डोळे पुसतेय, हुंदके देतेय. माहेराहून सासरी जाताना सगळ्याच रडतात. सासरहून माहेरी जाताना रडणारी बाई फोपनारने पाहिली नव्हती.

"काय सासर लाभलं हिले," एक म्हातारी म्हणाली. काच बंद होती तरी आप्पांना ते ऐकू गेलं. कौतुक त्यांना ऐकू यायचंच.

त्यांनी मागे वळून पाहिलं. सून रडत होती. मुलगाही रडत होता. शेजारी व्याह्यांचा मुलगा, फिजिक्सचा मास्तर, तोही नाक ओढत होता. आप्पांना वास येत नव्हता, डोळे चष्म्याआड सुरक्षित होते, आणि घसा रोजच्या ठेच्याने कमावलेला होता. त्यांना जे समजायचं ते समजलं.

"नको रडू माय," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. "आठच दिवसाचा तर सवाल आहे."

पूर्णिमाला काहीतरी सांगायचं होतं. "आप्पा, मि..." इतकंच म्हणता आलं, पुढचं खोकल्यात गेलं.

"मी बी कसा राहू घरात तुझ्याबिगर," आप्पा म्हणाले.

विपुलला आता कळलं होतं. गाडीत तिखट जळतंय हे न कळायला माणसाचा जन्म दुसऱ्या जिल्ह्यात व्हावा लागतो. पण थांबायचं कसं? गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बॉनेट उघडलं, धूर निघाला, की खेळ संपला. दोर मांडीवर तयार होता. पुढच्या वर्षीपासून पूर्णिमा त्या पांढऱ्या गाडीतून येणार, आणि आई त्याच्याशी बोलणार नाही, आणि आप्पा तेराव्याच्या पंगतीत नवी हकीकत सांगणार. त्याने एसी बंद केला आणि काच खाली केली. बॉनेटच्या फटीतून निघणारा धूर आता थेट खिडकीतून आला. त्याने काच वर केली. डोळे बारीक करून, पाण्याआडून जेवढा रस्ता दिसत होता तेवढ्यावरून तो गाडी हाकत राहिला.

आप्पांना राहवेना. त्यांनी चष्मा वर केला, धोतराच्या सोग्याने एक डोळा पुसला. तोवर त्या गाडीतला तेवढा एकच खरा अश्रू होता. पण चष्मा वर झाला तेवढ्यात मिरचीने डोळा गाठला. मग दुसरा. आप्पांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्या काही केल्या थांबेनात. ते स्वतःच चकित झाले.

"मले नव्हतं माहीत, बा," ते दोर छातीशी धरून म्हणाले, "की माह्या मनात इतकी माया आहे."

पुढे एका वळणावर केळीची ट्रॉली रस्त्यात आडवी उभी होती. घड भरणं चालू होतं. विपुलने वेग इतका कमी केला की गाडी चालतेय की विचार करतेय ते कळू नये. पण थांबू दिली नाही. भरणारी माणसं आप्पांना ओळखत होती. ती हसत पुढे आली, आणि आत बघून तिथेच थबकली. चार माणसं, चौघांच्या डोळ्यांना धारा, आणि आप्पांच्या छातीशी नवा कोरा दोर.

एकाने डोक्यावरचा रुमाल काढला. "कोण गेलं, आप्पा?"

आप्पांनी दोर आणखी घट्ट धरला. त्यांनी फक्त हात वर केला आणि बऱ्हाणपूरच्या दिशेने हलवला. लोकांनी भराभर ट्रॉली बाजूला घेतली. गाडी पुढे गेली तेव्हा ते हात जोडून उभे होते. त्यांतल्या एकाने विचार केला की आप्पांचं बऱ्हाणपुरात कोण? विहीणच की. माणूस जबाबदार होता. त्याने राजपुऱ्यात फोन लावून खात्री करून घ्यायचं ठरवलं. गेल्या वर्षीच्या ट्रॉलीमुळे त्याच्याकडे त्या घरचा एकच नंबर होता.

फोन निर्मलाबाईंनी उचलला. निर्मलाबाई किती वाजता गेल्या, असं पलीकडून अदबीने विचारण्यात आलं.

"अजून आहेत," निर्मलाबाई म्हणाल्या. "सांजोऱ्या तळतायत. काही निरोप?"

पलीकडच्या माणसाने घाबरून सगळं सांगितलं. गाडी चालू होती का, इतकंच त्यांनी विचारलं. चालू होती म्हटल्यावर त्यांनी गॅस बारीक केला आणि भाकरीचा तुकडा व पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

शनवाऱ्याच्या गर्दीत रिक्षा होत्या, हातगाड्या होत्या, आखाजीच्या घागरी आणि त्यांवर ठेवायची डांगरं, म्हणजे खरबुजं, घ्यायला आलेली अर्धी बाजारपेठ होती. एरवी तिथून सायकल काढायची तर ओळख लागते. पण रडणाऱ्या माणसांच्या गाडीला वाट देण्याइतकं ते शहर अजून जुनं आहे. गर्दी आपोआप दुभंगली. गाडी राजपुऱ्यात शिरली, गल्ली चढली आणि घराच्या दारात येऊन उभी राहिली. विपुलने इंजिन बंद केलं. खरं म्हणजे ते त्याच्या आधी क्षणभर स्वतःहूनच बंद पडलं, पण त्यावर तो कोणाशी बोलला नाही.

सगळे खाली उतरले. पूर्णिमा ओसरीच्या खांबाला धरून खोकू लागली. मयूर शिंका मोजायच्या पलीकडे गेला होता. विपुल गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. आप्पा मात्र दोर खांद्यावर टाकून ताठ उभे होते. डोळे लाल होते, पण घशात खरखर नाही, शिंक नाही. बॉनेटच्या फटीतून निळसर धुराची बारीक रेघ वर चालली होती. गल्लीतल्या तीन घरांत माणसं खोकायला लागली.

निर्मलाबाईंनी एकदा हवेत वास घेतला. एकदा बॉनेटकडे पाहिलं. एकदा लेकाकडे पाहिलं. मग त्यांनी शांतपणे भाकरीचा तुकडा लेकी-जावयावरून ओवाळून टाकला आणि आप्पांकडे वळल्या.

"व्याही, तुम्हाला ठसका लागला का हो?"

"ठसका? कशाचा?"

"मिरच्यांचा. मिरच्या जळतायत इथं. गल्ली खोकतेय."

आप्पांनी जोरात श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. आजूबाजूला पाहिलं. सून खोकत होती, मुलगा शिंकत होता, समोरच्या घरातली अश्विनी तोंडाला पदर लावून आत पळत होती. आप्पांचा चेहरा हळूहळू उतरला. दृष्ट काढताना मिरच्या जाळल्या आणि ठसका लागला, तर माणूस मोकळा; ठसका लागला नाही, तर त्याला दृष्ट जबर लागलेली असते, हे सांगायला त्यांना कोणाची गरज नव्हती. त्यांच्या बागेच्या प्रत्येक कोपऱ्यावर काळं मडकं उगीच टांगलेलं नव्हतं.

"मले लागली," ते म्हणाले.

"मी कशाला बोलू?" निर्मलाबाई म्हणाल्या. "पण नवी गाडी घेतली, तीही पांढरी. गावात लोक काय बघतच नसतील?"

"सगळेच पाहतात." आप्पा ओसरीवर बसले. "परवा उपसरपंच तर टायरवर हात फिरवून गेला."

विपुलला वाटलं आता खरं सांगावं. तपकीर, गोणपाट, वहन. त्याने तोंड उघडलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते बंद केलं.

"ह्या मिरच्या," आप्पांनी बॉनेटकडे बोट केलं, "मुद्दाम घातल्या?"

"मुराळ्याची गाडी आहे," निर्मलाबाई म्हणाल्या. "लेक येते तिच्यातून. रिकामी कशी धाडू?"

आप्पांनी मान डोलावली. सून निघताच का रडली, त्यांचे डोळे का वाहिले, ते त्यांनी आता नव्याने जुळवलं. माया त्यात कमी झाली नाही, उलट तिला कारण मिळालं. मग त्यांनी मयूरला जवळ बोलावलं. घरी फोन करून सांग, पांढरी गाडी शेडबाहेर काढायची नाही. आखाजीनंतर विपुलभाऊ ही गाडी घेऊन फोपनारला येतील, पांढरीच्या तोंडापुढे उभी करतील, आणि चालू ठेवतील. नीट ठसका लागेपर्यंत.

"आणि पुढच्या साली?" निर्मलाबाईंनी सहज विचारलं.

"पुढच्या साली काय? हीच गाडी," आप्पा म्हणाले. "लेकरू असल्या गाडीतून माहेरी गेलेलं बरं. अन्‌ विपुलभाऊ, ती गोधडी काढू नका."

मग त्यांनी सांजोऱ्या खाल्ल्या, अंगणातल्या लिंबाखाली थोडं पडले आणि मयूरला सणापुरतं मागे ठेवून संध्याकाळच्या बसने गावी गेले. चारचाकीत बसायची त्यांची त्या दिवशी तयारी नव्हती.

रात्र पडायच्या आत विपुलने बॉनेट उघडलं. चंदेरी कागद काळा झाला होता, गोणपाटाचं टोक जळून कोळसा झालं होतं. प्रयोग यशस्वी झाला की नाही हे बघायला त्याने चावी न लावताच काट्याकडे पाहिलं. काटा मध्यावर होता. त्याने काचेवर टिचकी मारली. काटा मध्यावर होता. गाडी बंद असतानाही मध्यावरच राहणारा काटा दिवसभर काय सांगत होता, यावर त्याने फार विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी आखाजी. घागर भरली, डांगर ठेवलं, पितरांना घास गेला. आप्पा दोर विसरून गेले होते. मयूरने तो लिंबाच्या फांदीला टाकला, आणि पूर्णिमा झोक्यावर बसली. गाडी ओढायला आणलेला दोर. झोका काय, अख्खी गल्ली पेलली असती. प्रतिभा मागून झोका देत होती. विपुल पायरीवर बसून केळीच्या पानात गुंडाळलेली पोळी खात होता. चंदेरी कागद घरात पुन्हा आलेला नव्हता.

"पूर्णे, खरं सांग," तो म्हणाला. "काल सगळं मिरचीचंच होतं का?"

पूर्णिमाने पायाने जमीन रेटली. "गाव संपेपर्यंत मिरचीचंच होतं, दादा."

"आणि मग?"

"मग आप्पा रडायला लागले."

झोका वर गेला. वर गच्चीत निर्मलाबाई पोती आवरत होत्या. मिरच्यांचं आणखी एक पोतं त्यांनी अलगद, भुगा सांडू न देता घडी केलं आणि कठड्यावरून खाली विपुलच्या हातात सोडलं.

"हे पुढच्या आखाजीचं," त्या म्हणाल्या. "बघ, झटकू नको."